आद्याक्षरांचा इतिहास आणि आद्याक्षरांची दंतकथा

रायपूर शहराच्या उत्तरेस, डब्ल्यू. आर. एस. कॉलनीच्या पलीकडे बीरगांव आणि त्याला लागून उरला-सिलतऱ्याचा औद्योगिक पट्टा आहे. या परिसरातील पाट्यांवर आद्याक्षरांचे राज्य आहे. ‘डब्ल्यू. आर. एस.’ म्हणजे रेल्वेचे वॅगन रिपेअर शॉप, ‘सी. एस. आय. डी. सी.’ म्हणजे छत्तीसगड स्टेट इंडस्ट्रियल डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन. त्यांच्याच शेजारी ‘बीरगांव’ हे नाव उभे आहे. पूर्वेकडील हिंदी बोलींत आरंभीच्या ‘व’चा ‘ब’ होतो, म्हणून ‘बीर’चे ‘वीर’शी नाते ध्वनिनियमाने संभवते. परंतु ध्वनीने जे संभवते ते इतिहासाने सिद्ध झाले, असे होत नाही. पाटीवरील संक्षेप आणि गावाचे नाव यांचा पुरावा दोन वेगळ्या जातींचा आहे. हा भेद विसरला की संपूर्ण शब्दालाच संक्षेप मानण्याची प्रवृत्ती बळावते. या प्रवृत्तीची ऐतिहासिक तपासणी हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

आद्याक्षरांपासून शब्द घडणे ही इंग्रजी अमदानीची देणगी होय, असा समज आहे. तो बरोबर नाही. प्राचीन शिलालेखांत व ताम्रपटांत पक्ष आणि तिथी नोंदवताना ‘शु दि’ व ‘ब दि’ अशी अक्षरे कोरलेली आढळतात. पहिली ‘शुक्ल’ अथवा ‘शुद्ध’ या शब्दास ‘दिन’ जोडून आणि दुसरी ‘बहुल’ या शब्दास ‘दिन’ जोडून झाली. पुढे हे संक्षेप उच्चारले जाऊ लागले आणि ‘सुदी’, ‘बदी’ (‘वदी’) हे स्वतंत्र शब्द बनले. मराठीतील ‘वद्य’चे नातेही याच ‘वदि’शी जोडले जाते. रायपुरातील मराठी घरात मराठी पंचांगाचे ‘शुद्ध-वद्य’ आणि शेजारच्या हिंदी पंचांगाचे ‘सुदी-बदी’ एकाच वेळी कानावर पडतात. त्यांच्या मुळाशी हीच जुनी लेखनरीती आहे. येथे विस्तार आधी आहे, संक्षेप नंतर आणि शब्द त्याहूनही नंतर. खऱ्या आद्याक्षरशब्दाचा क्रम हाच होय.

संक्षेपाचा दुसरा प्रवाह दफ्तरी लेखनाचा. भास्करपंतांच्या 1741 च्या स्वारीनंतर रतनपूरचे राज्य नागपूरकर भोसल्यांच्या वर्चस्वाखाली आले; 1758 ते 1787 या काळात बिंबाजी भोसले यांनी तेथे राज्य केले आणि मोडी लिपीतील मराठी व्यवहार या प्रदेशात रुजला. मराठी पत्रव्यवहारातील ‘सा. न. वि. वि.’ हा मायना साष्टांग नमस्कार विनंती विशेष असा उलगडतो, ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री. परंतु ‘सानविवि’ असा शब्द कोणी बोलले नाही. वाचणारा संक्षेप पाहतो आणि पूर्ण वाक्य उच्चारतो. लेखनातला प्रत्येक संक्षेप शब्द होतोच असे नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. 1970 साली स्थापन झालेल्या ‘सिडको’ने नाशिकमध्ये एका वस्तीला नाव दिले, ‘सिडकोत राहतो’ असे म्हणताना त्या नावाला मराठी विभक्तिप्रत्यय सहज लागतो. 1962 ची ‘एम. आय. डी. सी.’ अक्षरशः उच्चारली जात असूनही कोणत्याही औद्योगिक वसाहतीचे सामान्यनाम झाली. कोरब्याच्या ‘बाल्को’वरून बाल्कोनगर झाले. मुंबईच्या ‘बेस्ट’चे उदाहरण सर्वांत बोधप्रद आहे. 1905 साली ती बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी होती. 1947 मध्ये महापालिकेने ती ताब्यात घेतल्यावर ‘ट्रामवेज’च्या जागी ‘ट्रान्सपोर्ट’ आले, आणि शहराचे नाव बदलल्यावर ‘बॉम्बे’च्या जागी ‘बृहन्मुंबई’. शेवटची ट्राम 1964 मध्ये धावली, अक्षरे मात्र तीच राहिली. म्हणजे खऱ्या आद्याक्षरशब्दाचा विस्तारही स्थिर नसतो. आजचा विस्तार हा मूळ विस्तार असेलच असे गृहीत धरता येत नाही.

पुण्याची ‘यशदा’ याच्या उलट बाजूने बोलते. नाव कानी पडताच ‘यश देणारी’ असा विग्रह मनात येतो. वस्तुतः ‘यशस्’ आणि ‘दा’ यांचा संस्कृत संधी ‘यशोदा’ असा होतो, आणि संस्थेचे मराठी नाव ‘यशवंतराव चव्हाण विकास प्रशासन प्रबोधिनी’ असल्याने त्यातूनही ‘यशदा’ निघत नाही. ते यशवंतराव चव्हाण ॲकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट ॲडमिनिस्ट्रेशन या इंग्रजी नावातून निघते. खरा संक्षेप येथे संस्कृत शब्दाचा वेश घेऊन वावरतो.

मिथ्या संक्षेपांची गोष्ट नेमकी याच्या विरुद्ध आहे. तेथे जुना शब्द संक्षेपाचा वेश घेतो. इंग्रजीतील ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, असे शाळेत सांगितले जाते. प्रत्यक्षात ते ‘नवीन’ या अर्थाच्या विशेषणाचे अनेकवचन आहे आणि फ्रेंच ‘नूव्हेल’ हा त्याचा समांतर शब्द आहे. ‘पॉश’ हा मुंबईच्या बोटींच्या तिकिटांवरील शिक्का होता, असे म्हणतात. असा शिक्का असलेले एकही तिकीट पुढे आलेले नाही.

आपल्याकडील दोन उदाहरणे अधिक गंभीर आहेत. ‘भगवान’ म्हणजे भूमी, गगन, वायू, अग्नी आणि नीर, असे प्रवचनांतून ऐकू येते. मूळ प्रातिपदिक ‘भगवत्’ आहे, ‘भग’ला ‘वत्’ लागून झालेले. अखेरचा ‘न्’ पुल्लिंगी प्रथमा एकवचनाच्या रूपातला. ‘भगवती’त आणि ‘भगवद्गीते’त तो नाही. विभक्ती बदलली की पंचमहाभूतांपैकी एक नाहीसे होते, अशी ही व्युत्पत्ती आहे.

दुसरे उदाहरण ‘आई’चे. ‘आ’ म्हणजे आत्मा आणि ‘ई’ म्हणजे ईश्वर, ही उकल मराठी वाचकाला मुखोद्गत आहे. परंतु ग्रामीण मराठीत ‘आय’ आहे, ‘आयबाप’ आहे. तेथे ‘ईश्वर’ कोठे गेला? कानडीत ‘आयी’, तमिळमध्ये ‘आय्’ आणि ‘आयी’ हे मातृवाचक शब्द आहेत, त्यांचे काय? केवळ चुकीची व्युत्पत्ती खपते, एवढ्याने हा प्रश्न संपत नाही. संस्कृत तत्त्वज्ञानाची दोन अक्षरे वर ठेवली की ‘आई’चे दक्षिणेकडील नातेवाईक बेदखल होतात. मराठीचा द्राविड शेजार हा तौलनिक अभ्यासाचा गाभा आहे, आणि घरातल्या पहिल्या शब्दापाशीच तो पुसला जातो.

येथे एक आक्षेप संभवतो. शब्दाची अक्षरे फोडून अर्थ सांगण्याची परंपरा आपल्याकडे यास्काइतकी जुनी आहे. निरुक्तात शाकपूणी ‘अग्नी’ची तीन अक्षरे तीन वेगवेगळ्या धातूंपासून काढतात. विष्णुपुराण ‘भगवान’चा अर्थ ‘भ’, ‘ग’, ‘व’ या वर्णांवरून सांगते आणि लगेच सहा ‘भगां’ची गणनाही करते. या आचार्यांना आपण अज्ञ म्हणायचे काय? तसे म्हणण्याचे कारण नाही. निर्वचनाचा हेतू देवतेचा अर्थ उलगडणे हा होता. म्हणूनच एका शब्दाची अनेक निर्वचने शेजारी शेजारी नांदू शकली. ‘अग्नी’चा लॅटिन सोयरा ‘इग्निस’ दाखवतो की हा शब्द शाकपूणींच्या फार पूर्वीचा आहे, आणि त्यामुळे शाकपूणींचे चिंतन बाद ठरत नाही. बाद ठरते ते निर्वचनाला जन्मदाखला मानणारे आधुनिक वाचन.

एवढ्यावरून तीन कसोट्या हाती लागतात. विस्तार शब्दाआधी किंवा शब्दाबरोबर लेखी नोंदलेला असावा. त्याने शब्दाची सर्व रूपे उलगडावीत. आणि भगिनीभाषांतील वा शेजारच्या भाषांतील सजातीय शब्दांना त्याने नाकारू नये. ‘सुदी’, ‘सिडको’, ‘बेस्ट’ या कसोट्यांना उतरतात. ‘भगवान’ आणि ‘आई’ यांचे प्रचलित विस्तार उतरत नाहीत. त्यांची जागा भक्तिवाङ्मयाच्या अभ्यासात आहे आणि तेथे ती सन्मानाची आहे. शब्दाच्या इतिहासात मात्र ‘आई’ला तिचे सर्व नातेवाईक परत मिळाले पाहिजेत.