वत्सगुल्माचा माग

लंडनचा टॉवर अकराव्या शतकात विल्यम राजाने बांधायला घेतला आणि तो आजही जागेवर उभा आहे. इंग्लंडातले जुने किल्ले पाहायला निघालेल्या माणसाला निदान भिंत तरी सापडते. वाशीमला वाकाटक राजघराण्याची राजधानी वत्सगुल्म शोधत आलात तर तट नाही, बुरूज नाही, राजवाड्याचा चौथराही नाही. गावाची शान असलेले बालाजीचे देऊळ आहे, पण ते साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी अठराव्या शतकात उभारलेले. वत्सगुल्म त्याहून हजार-चौदाशे वर्षे जुने.

मग इथे राजधानी होती हे कळले कसे? पहिला धागा अजिंठ्यात होता. सोळा क्रमांकाच्या लेण्यात वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे आणि त्यात राजघराण्याची वंशावळ दिली आहे. एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड आणि पुढे ब्यूलर यांनी तो वाचला. पण दगड झिजलेला. ऐन मोक्याच्या जागची अक्षरे पुसट, त्यामुळे नावे चुकीची लागली आणि वाकाटकांची एक वेगळी शाखा होती हे कुणाच्या ध्यानातच आले नाही.

१९३९ साली खुद्द वाशीममध्ये तांब्याचे चार पत्रे उजेडात आले. य. खु. देशपांडे आणि डी. बी. महाजन यांनी ते अभ्यासकांपुढे ठेवले. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या सदतिसाव्या वर्षी वत्सगुल्माहून काढलेले हे दानपत्र. वंशावळ संस्कृतात, पुढचा व्यवहाराचा मजकूर प्राकृतात. नांदेडकडचे एक गाव अथर्ववेदी ब्राह्मणांना दिले आहे. या दानपत्रातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो सवलतींचा भाग. या गावात सैनिकांनी शिरायचे नाही. फुले आणि दूध घ्यायचे नाही, मिठासाठी खणायचे नाही, कातडी आणि कोळसा मागायचा नाही. फिरतीवरच्या अंमलदारांसाठी खाटा आणि भांडी गावकऱ्यांनी पुरवायची नाहीत. दान न मिळालेल्या इतर गावांना हे सगळे सोसावे लागत होते, हे यावरून आपोआपच उघड होते. चौथ्या शतकातल्या वाकाटक राज्यातील खेड्याचे इतके जवळचे दर्शन कुठल्याही तटबंदीने घडवले नसते.

महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी हा पुरावा हाताशी धरून अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला. १९४१ मध्ये हैदराबादहून त्यांचे वाचन प्रसिद्ध झाले. पहिल्या प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन, त्याचा विंध्यशक्ती आणि पुढे देवसेन, हरिषेण अशी ओळ नीट लागली. हाच सर्वसेन ‘हरिविजय’ या प्राकृत काव्याचा कर्ता. देवसेनाच्या एका ताम्रपटाचा सुटा पत्राही लंडनच्या इंडिया ऑफिसात निघाला. तोही वत्सगुल्माहूनच दिलेला.

राहिला काळाचा प्रश्न. वाकाटक राजे आपल्या राज्यारोहणापासून वर्षे मोजत, त्यामुळे नेमके साल हाती लागत नाही. ते लागले वाशीमजवळच्या हिस्से बोराळा गावात. तिथल्या शिलालेखात देवसेनाचा अधिकारी स्वामिल्लदेव याने सुदर्शन नावाचा तलाव बांधल्याची नोंद आहे आणि शके ३८० असे साल आहे, म्हणजे इसवी सन ४५८. सगळ्या वाकाटक कालगणनेला हा भक्कम खुंटा मिळाला, आणि तो याच मातीतून.

इंग्लंडात शेतात सापडलेली नाणी, बिल्ले सामान्य माणसांनी आणून नोंदवावेत म्हणून १९९७ पासून एक योजना चालते. आपल्याकडे १८७८ चा निखात निधी कायदा आहे. जमिनीत पुरलेले, दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे त्याने बंधनकारक केले आहे. वाशीमात घराचा पाया खणताना, विहिरीचा गाळ काढताना अक्षरे असलेला पत्रा किंवा दगड हाती आला, तर तो मोडीत घालू नका, घासून लख्ख करू नका. आहे त्या जागी ठेवा, फोटो काढा आणि कळवा.