‘यॅक’ आणि संगणकभाषेतील संदिग्धता

संगणकभाषेच्या व्याकरणात संदिग्धता उरली आहे काय, हे नुसत्या वाचनाने सहसा ध्यानात येत नाही. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांना ‘बी’ भाषेच्या कंपायलरमध्ये एक नवे क्रियाचिन्ह घालणे जड गेले, तेव्हा सहकारी आल्फ्रेड एहो यांनी त्यांचे लक्ष डोनाल्ड क्नूथ यांच्या १९६५ मधील वाक्यपृथक्करणपद्धतीकडे वेधले. त्यातून १९७० च्या दशकारंभी ‘यॅक’ सिद्ध झाले. टंकित आज्ञेने चालणारे हे साधन नियमांवरून पृथक्करणाची आज्ञावली रचून देई. वैयाकरणाला मात्र त्याची तक्रारच अधिक मोलाची वाटावी. दोन ‘जर’नंतरचे एकमेव ‘नाहीतर’ कोणत्या ‘जर’चे, हे नियमांतून ठरत नसेल, तर यॅक तेथे संघर्ष नोंदवी आणि लगतच्या ‘जर’शी अन्वय लावून पुढे जाई. अर्थात प्रत्येक संघर्ष म्हणजे संदिग्धता नव्हे. पुढचे एकच चिन्ह पाहून निर्णय घेण्याच्या मर्यादेतूनही तो उद्भवे.