करार आणि पहारा



आमची हयात कामगारांच्या संघटनेत गेली. शाळेशी संबंध लवकर सुटला. जे काही वाचले ते पाळी संपल्यावर, युनियनच्या कचेरीत, उसन्या पुस्तकांतून. तेव्हा आंतरराष्ट्रीय विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला, असे कोणी विचारील तर ते रास्तच आहे. आमचे उत्तर एवढेच की, करार म्हणजे काय आणि तो मोडतो कसा, हे आम्ही तीस वर्षे पाहत आलो आहोत. संयुक्त राष्ट्रांचा ठराव असो की कारखान्याच्या फाटकावर डकवलेला समझोता असो, कागदाचा स्वभाव एकच. तो आपण होऊन काही करीत नाही.

आजची कथा अशाच एका कागदाची आहे. ३१ ऑक्टोबर २००० रोजी सुरक्षा परिषदेने १३२५ क्रमांकाचा ठराव एकमताने संमत केला. त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद नामिबियाकडे होते. दहाच वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या या देशाने लढाई आणि तह दोन्ही जवळून पाहिले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये बांगलादेशाचे प्रतिनिधी अन्वारुल चौधुरी यांनी परिषदेच्या अध्यक्षपदावरून या ठरावाची वाट मोकळी केली होती. ठरावाचे म्हणणे थोडक्यात असे : तहाच्या वाटाघाटींत आणि शांतिसेनेत स्त्रियांना स्थान द्यावे; युद्धात त्यांच्यावर होणाऱ्या अत्याचारांना क्षमा असू नये; शस्त्रे खाली ठेवून घेताना स्त्रियांच्या गरजा निराळ्या असतात हे ध्यानी घ्यावे.

ही मागणी काही नवी नव्हती. १९१५ साली, पहिले महायुद्ध पेटलेले असताना, हेग येथे हजारांहून अधिक स्त्रिया जमल्या होत्या. त्यांच्या प्रतिनिधींनी युरोपातील सरकारांचे दरवाजे ठोठावले. सरकारांनी त्यांचे म्हणणे आदराने ऐकून घेतले आणि लढाई चालू ठेवली. त्या दिवसापासून १३२५ पर्यंत यायला पंच्याऐंशी वर्षे लागली. आणि इतके करून ठराव आला तो कसा? त्यात मुदत नव्हती, मोजमाप नव्हते, न पाळणाऱ्यास दंड नव्हता. आमच्या भाषेत सांगायचे तर मागण्या मान्य, तारीख मात्र नाही.

येथे आमच्याच घरची एक गोष्ट कबूल केली पाहिजे. एका कारखान्यात आमच्या सभासदांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. वाटाघाटींच्या समितीत मात्र आम्ही सातही पुरुष. बायकांची मुख्य मागणी पाळणाघराची होती. मध्यरात्रीपर्यंत बोलणी ताणली गेली, पगारवाढीचा आकडा थोडा वर सरकला आणि पाळणाघराचे कलम ‘शक्य तितक्या लवकर’ एवढ्या तीन शब्दांवर आम्ही सोडून दिले. सही आमचीच होती. सकाळी फाटकावर एका बाईने विचारले, “भाऊ, आमचं काय झालं?” आम्ही म्हटले, “मान्य झालं.” ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. दीड वर्षाने त्या खोलीत आम्हांला खोकी रचलेली दिसली.

म्हणून लायबेरियाची हकीगत आम्हांला परकी वाटत नाही. पश्चिम आफ्रिकेच्या या लहानशा देशात १९८९ पासून २००३ पर्यंत मध्ये थोडी उसंत घेऊन दोन यादवी युद्धे झाली. सुमारे अडीच लाख माणसे मेली असा अंदाज आहे. पोरांच्या हाती बंदुका दिल्या गेल्या, आणि बायकांची विटंबना हेच लढाईचे हत्यार झाले. ठराव १३२५ तेव्हा मंजूर झालेला होता. पण मन्रोव्हियाच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग?

२००३ साली लेमा ग्बोवी नावाच्या समाजसेविकेने आणि तिच्या मैत्रिणींनी बायका गोळा करावयास आरंभ केला. त्या शुक्रवारी मशिदीत जात, शनिवारी बाजारात, रविवारी चर्चमध्ये. ख्रिस्ती आणि मुसलमान बायका एकत्र आल्या, ही त्या देशात साधी गोष्ट नव्हती. पांढरे कपडे घालून त्या मासळीबाजाराजवळच्या मैदानात बसल्या. राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांच्या मोटारींचा ताफा तेथूनच जात असे. ऊन झाले, पाऊस झाला, बायका उठल्या नाहीत. धरणे म्हणजे काय हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच कळेल की पहिला दिवस सोपा असतो. विसावा दिवस अवघड. अखेर एप्रिलमध्ये टेलर यांनी त्यांना भेट दिली आणि वाटाघाटींस जाण्याचे कबूल केले.

जूनमध्ये घाना देशात बोलणी सुरू झाली. स्त्रियांच्या एका संघटनेला आत प्रवेश होता. पण या पांढऱ्या कपड्यांतल्या बायकांना नव्हता. त्या बाहेरच. आत सेनापती मंत्रिपदे वाटून घेत होते, हॉटेलातल्या गाद्यांवर झोपत होते, आणि तिकडे मन्रोव्हियावर तोफगोळे पडत होते. जुलैत एके दिवशी या बायकांनी सभागृहाच्या दारांपुढे हातात हात गुंफून बैठक मारली. करार केल्याशिवाय कोणी बाहेर पडायचे नाही! त्यांना अटक करण्याची भाषा झाली, तेव्हा ग्बोवी उभी राहिली आणि अंगावरची वस्त्रे उतरवू लागली. आईच्या वयाच्या बाईने असे करणे हा त्या समाजात पुरुषाला शाप समजला जातो. मध्यस्थी करणारे नायजेरियाचे जनरल अबुबकर धावत बाहेर आले आणि त्यांनी आतल्या मंडळींना खडसावले. ११ ऑगस्टला टेलर यांनी पद सोडले. १८ ऑगस्टला करारावर सह्या झाल्या.

पुष्कळ लोक ही गोष्ट येथेच संपवितात. आमच्या मते खरी गोष्ट येथून सुरू होते. सप्टेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने शांतिसेना धाडली. डिसेंबरात शस्त्रे गोळा करण्याचे काम निघाले. गावोगावच्या पोरांना ओळखणाऱ्या बायकांनी आपली मदत देऊ केली होती. तज्ज्ञांनी ती बाजूस ठेवली. पहिल्याच छावणीवर अपेक्षेच्या कितीतरी पट लढवय्ये लोटले, दंगल झाली, काम थांबवावे लागले. मग बायकांची आठवण झाली. एप्रिल २००४ मध्ये काम पुन्हा सुरू झाले आणि पुढे एक लाखाहून अधिक माणसांची नोंद झाली. त्यांत सुमारे २२ हजार स्त्रिया होत्या. बंदूक न उचलता जिने रांधले, ओझी वाहिली, जबरदस्तीने कोणाची बायको झाली, तिलाही युद्धातून सोडवावे लागते, हा ठरावामागचा विचार तेथे जमिनीवर उतरला.

२००५ च्या निवडणुकीत एलन जॉन्सन सरलीफ निवडून आल्या. आफ्रिकेत राष्ट्रप्रमुख म्हणून निवडून आलेल्या त्या पहिल्या स्त्री. जानेवारी २००७ मध्ये आपल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील शंभरावर स्त्रियांची तुकडी मन्रोव्हियात उतरली. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासात केवळ स्त्रियांची अशी पोलीस तुकडी ही पहिलीच. सीमा धुंडिया तिच्या प्रमुख होत्या. या स्त्रियांनी रात्रीची गस्त घातली, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा केला, मुलींना स्वसंरक्षण शिकविले. तुकड्या बदलत राहिल्या. काम २०१६ पर्यंत चालले. पोलिसाच्या वेषातली बाई रोज रस्त्यावर दिसू लागली, तेव्हा तेथल्या मुलींनाही पोलिसांत जावेसे वाटू लागले.

मग सगळे सुरळीत झाले काय? नाही. बलात्काराविरुद्ध कडक कायदा २००६ मध्ये अमलात आला, २००८ मध्ये त्यासाठी खास न्यायालय झाले, २००९ मध्ये सरकारने १३२५ ची राष्ट्रीय योजना केली. तरी खटले वर्षानुवर्षे रेंगाळले. टेलर यांना २०१२ साली पन्नास वर्षांची शिक्षा झाली, ती शेजारच्या सिएरा लिओनमधील गुन्ह्यांसाठी. लायबेरियातल्या गुन्ह्यांसाठी न्यायालय उभारण्याचे कार्यालय स्थापण्याचा आदेश निघायला २०२४ साल उजाडले. आणि २०२३ च्या निवडणुकीनंतरही तेथल्या कनिष्ठ सभागृहात दहांत जेमतेम एक स्त्री आहे. ज्यांनी दार अडवून तह घडविला, त्यांना आतली खुर्ची अजून पुरती मिळालेली नाही.

तरी आम्ही निराश नाही. लायबेरियात गावोगाव बायकांनी ‘शांतीच्या झोपड्या’ उभ्या केल्या. आपल्याकडच्या चावडीसारखीच ती जागा. फरक इतकाच की न्यायाला बायका बसतात. मारहाण, जमीन, पोटगी, सगळी भांडणे तेथे येतात. न्यूयॉर्कमधल्या कागदाला हात-पाय फुटतात ते अशा ठिकाणी. सुरक्षा परिषद कलम लिहू शकते. पहारा गावालाच करावा लागतो.

आमच्या पाळणाघराचे काय झाले, हे सांगून रजा घेतो. पुढच्या वाटाघाटींत बायकांनी समितीत तीन जागा मागून नव्हे, बसून घेतल्या. ‘शक्य तितक्या लवकर’ हे शब्द त्यांनी खोडले आणि तेथे तारीख घातली. त्या तारखेला सकाळी सात वाजता पंधरा-वीस बायका मुले काखेला घेऊन त्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. दुपारपर्यंत खोकी हलली होती.