ठसा, रंग आणि गिऱ्हाईक

संत नामदेवांना आपण शिंपी म्हणून ओळखतो. पण राजस्थानात किंवा पंजाबात जाऊन त्यांची गोष्ट काढलीत, तर तिथला माणूस 'शिंपी' म्हणणार नाही, 'छिपा' म्हणेल. छिपा म्हणजे कापडावर ठशाने नक्षी छापणारा. शिखांच्या ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत आणि त्यांतही ते छिपा म्हणूनच भेटतात. राजस्थानातले छिपे आजही आपले नाते नामदेवांशी सांगतात. एकाच संताला दोन प्रांतांनी आपापल्या पेठेतला धंदा दिला, तेही शेजारशेजारचे!

आज बोलायचे आहे ते या छापणाऱ्याविषयी. मोठ्या गिरणीविषयी नव्हे, तर चार माणसांच्या घरात, गिऱ्हाईक सांगेल तसे कापड छापून आणि भरतकाम करून देणाऱ्या लहान कारागिराविषयी. तालुक्याच्या गावी मंडळाच्या पोरांना नाव घातलेले सदरे छापून देणारा दुकानदार असतो ना, त्याचा हा फार जुना पूर्वज.

किती जुना? इजिप्तमध्ये कैरोजवळ फुस्तात नावाचे जुने शहर होते. तिथल्या उकिरड्यांत सुती कापडाच्या चिंध्या सापडल्या, आणि त्या गुजरातेत छापलेल्या निघाल्या. त्यांतल्या काही सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. निळा आणि तांबडा रंग अजून ओळखू येतो. उकिरड्यात पडूनही रंग गेला नाही, यातच या धंद्याचे सारे मर्म आहे.

शाळेतल्या गुरुजींना हे मर्म फळ्यावर शिकवता येण्याजोगे आहे. सुती धाग्यावर बहुतेक वनस्पतींचा रंग नुसता टिकत नाही, दोन धुण्यांत जातो. म्हणून कारागीर ठशाने रंग छापत नाही, तो छापतो तुरटी. तुरटीची खळ कापडावर जवळजवळ दिसतसुद्धा नाही. मग ते कापड मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात टाकायचे. जिथे तुरटी लागली तिथेच तांबडा रंग घट्ट धरतो, बाकीचा धुऊन निघतो. काळ्या रेघेसाठी गंजलेले लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवतात. कापड आधीच हिरड्याच्या पाण्यातून काढलेले असते. हिरड्याला लोखंड भेटले की काळे होते. हिरडा आणि हिराकस घालून घरी शाई करत असत, तीच ही युक्ती. जिथे पांढरे ठेवायचे तिथे चुना आणि डिंक यांचा लेप छापायचा आणि मग कापड निळीच्या पिपात बुडवायचे. कच्छमधल्या 'अजरख' कापडाला अशा १४ ते १६ पायऱ्या लागतात. मध्ये वाळवणे आणि धुणे आलेच. त्यात आठवडेच्या आठवडे जातात.

या रंगानेच युरोपला वेड लावले. आपण ज्याला चीट म्हणतो ते कापड जहाजे भरभरून जाऊ लागले, आणि तिथल्या रेशीम व लोकर विणणाऱ्यांच्या पोटावर पाय आला. फ्रान्सने १६८६ मध्ये छापील सुती कापडावर बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. इंग्लंडमध्ये १७१९ साली लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागातले विणकर रस्त्यावर आले आणि चीट नेसलेल्या बायकांवर शाई फेकू लागले, अंगावरचे कपडे फाडू लागले. पार्लमेंटाने १७२१ मध्ये कायदा करून चीट अंगावर घालणेच गुन्हा ठरवले. आपल्या कारागिराच्या हातची एवढी दहशत! पण आपण फार हुरळून जाऊ नये. बंदीच्या आडोशाने त्या देशांनी छापण्याची विद्या शिकून घेतली. १७८३ मध्ये टॉमस बेल याने तांब्याच्या रुळाने छापण्याचे यंत्र काढले. ठसा उचलायचा, टेकायचा, पुन्हा उचलायचा हे कामच उरले नाही. हळूहळू इंग्लंडला आपले कापड घेण्याची गरज राहिली नाही.

दुसरा घाव रंगावर बसला. १८६८ साली ग्रेबे आणि लीबरमान या दोन जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेतला तांबडा रंग डांबरापासून बनवला. १८९७ मध्ये जर्मन कारखान्यातली नीळ बाजारात आली. मंजिष्ठा आणि बारतोंडीच्या जातीची आल यांची मुळे खणणाऱ्यांचे काम गेले. छिप्याचे मात्र लगेच गेले नाही. उलट त्याला बरेच वाटले असेल: रंग स्वस्त, वेळ थोडा. आठवड्यांचे काम दिवसांवर आले. मात्र हेच सगळ्यांना जमू लागल्यावर त्याच्या हाताला वेगळी किंमत उरेना.

तरी तो तगला तो गिऱ्हाइकामुळे. कच्छमध्ये धमडका नावाचे गाव आहे. १६ व्या शतकात कच्छच्या राव भारमलाने सिंधमधून खत्री रंगाऱ्यांना बोलावले आणि सारण नदीचे पाणी पाहून ते इथे वसले, अशी परंपरा सांगतात. हे खत्री बाजारासाठी छापत नसत. रबारी, अहीर, मालधारी अशा ठरलेल्या लोकांसाठी छापत. कपड्यावरची नक्षी पाहून बाई कोणत्या समाजाची, लग्नाची की बिनलग्नाची, हे कळत असे. अशी नक्षी मँचेस्टरची गिरणी कशी छापणार? तिला एका नमुन्याचे हजारो वार हवेत, आणि इथे गिऱ्हाईक पाचपन्नास घरांचे.

भरतकामाची हकिकतही अशीच. कच्छचे मोची चामड्यावर आरीने टाके घालत. तीच आरी बारीक करून ते रेशमावर साखळीचा टाका घालू लागले आणि भुजच्या दरबारात त्यांचे काम गेले. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये बोनाझ याने हाच साखळीचा टाका घालणारे यंत्र काढले. 'कॉर्नेली' या नावाने ते आपल्याकडच्या भरतकामवाल्यांच्या दुकानांतही आले. मोच्यांचा पाठीराखा दरबार होता. दरबार गेले, कामही बहुतेक गेले. खत्र्यांचे गिऱ्हाईक गुराखी होते, ते जास्त टिकले.

पण कायमचे तेही नाही. २० व्या शतकाच्या मध्यानंतर स्वस्त कृत्रिम धाग्याचे कापड आले. ते लवकर वाळते, इस्त्री मागत नाही. रबारी बाईने ते घेतले तर तिला दोष कोणी द्यावा? धमडक्यात मोहम्मद सिद्दीक खत्री यांनी मात्र १९७० च्या दशकात उलटी वाट धरली. डांबरी रंग सोडून मंजिष्ठा, नीळ आणि हिरडा पुन्हा हाती घेतले आणि मुलांना शिकवले. त्याच सुमारास गुजरात सरकारच्या हस्तकला महामंडळाकडून आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या मंडळींकडून मागणी येऊ लागली. गिऱ्हाईक बदलले, ते शहराचे झाले.

मग २६ जानेवारी २००१ चा भूकंप आला. धमडक्याची घरे पडली, माणसे गेली. ज्या पाण्यासाठी पूर्वज इथे आले, तेही बिघडले. त्यात लोखंडाचे प्रमाण वाढले. आता मघाची हिरड्याची गोष्ट आठवा: लोखंड भेटले की काळे. तांबडे मळकट येऊ लागले. काही घरे धमडक्यातच राहिली. बाकीच्यांनी भुजजवळ जमीन घेऊन नवे गाव वसवले आणि नाव ठेवले अजरखपूर. गावाला कापडाचे नाव, असे उदाहरण विरळाच.

२०२४ मध्ये कच्छच्या अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले. तरी चौकटीवर जाळी ताणून छापलेली नक्कल बाजारात ढिगाने मिळते. पुष्कळदा कापड उलटे करून पाहिले की कळते. नकलेचा रंग मागे फिका असतो. खरी अजरख रंगात बुडून निघालेली असते, आणि चांगला कारागीर तर दोन्ही बाजूंनी ठसा मारतो. तिला दामही तसाच पडतो. मुंबई-पुण्याचे गिऱ्हाईक तो देते. ज्या मालधाऱ्याच्या खांद्यासाठी ही नक्षी बसवली होती, त्याच्या खांद्यावर मात्र पुष्कळदा ती जाळीवरची नक्कलच असते.