बेट, काळ आणि तर्क

मालिका पाहणाऱ्यांनी तिच्या कर्त्यांहूनही अधिक डोके शिणवावे, असा प्रसंग अमेरिकेत 'लॉस्ट'ने आणला. २२ सप्टेंबर २००४ रोजी एबीसी वाहिनीवर ती सुरू झाली. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले विमान एका अज्ञात बेटावर कोसळते. लवकरच प्रेक्षकांनी तर्क काढला, की वाचलेली माणसे वस्तुतः मृतच असून बेट म्हणजे शुद्धिस्थान होय. आम्हां ख्रिस्ती मंडळींस तो चटकन पटावा असा. परंतु लेखक डेमन लिंडलॉफ व कार्लटन क्यूज यांनी तो वारंवार नाकारला.

२००९ मध्ये, पाचव्या पर्वात, बेटच काळात मागेपुढे सरकू लागले आणि नवा वाद पेटला: भूतकाळ बदलता येईल काय? डॅनियल फॅरडे हा पदार्थवैज्ञानिक प्रथम म्हणतो, घडले ते घडलेच. पुढे त्याचे मन पालटते. १९७७ सालात तो भूतकाळ बदलावयास निघतो, आणि त्याला गोळी घालते ती त्याचीच आई, तो अद्याप तिच्या उदरात असताना! हे उमगल्यावरही, पुत्र मोठा होताच तीच त्याला बेटाकडे धाडते. इतका क्रूर पेच मी तरी अन्यत्र पाहिला नाही.

२३ मे २०१० रोजी मालिका संपली. बेटावरचे सारे खरे ठरले. मृत्यूनंतरचे जग होते ते सहाव्या पर्वातले दुसरे. तथापि अखेरच्या नामावलीबरोबर वाहिनीने निर्जन किनाऱ्यावरील विमानाचे अवशेष दाखविले, आणि सारे पहिल्याच दिवशी मेले होते असे मानणारे आजही भेटतात.