टीव्हीच्या फितीवरून साउंडबारपर्यंत

टीव्हीवर गाण्याचं ॲप उघडायचं आणि खाली मांडलेल्या साउंडबारमधून ख्याल नाहीतर अभंग ऐकायचा, ही आता शहरातल्या अनेक घरांची रीत झाली आहे. कानसेन मंडळी यावर नाक मुरडतात. टीव्ही हे चित्रं दाखवायचं यंत्र, गाणं त्याच्या वाटेनं नेलं की बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. तक्रारीत तथ्य आहे. मात्र मागे वळून पाहिलं तर गंमत अशी, की डिजिटल संगीताचा सांगाडाच मुळी टीव्हीच्या यंत्रावर बेतलेला आहे.

१९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या संशोधनशाळेत आवाजाचे आकडे करून साठवण्याचे प्रयोग चालू होते. त्यांमागे हेइतारो नाकाजिमा हे अभियंते होते. तत्त्व नवं नव्हतं. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्याच्या दुपटीहून थोड्या जास्त वेळा, म्हणजे सेकंदाला चाळीस हजारांहून अधिक वेळा आवाजाची नोंद घेतली, की तो पुन्हा जसाच्या तसा उभा करता येतो. हॅरी नायक्विस्ट यांनी या विचाराचा पाया १९२८ सालीच घातला होता. अडचण होती ती साठवणुकीची. १६ बिटचं स्टिरिओ संगीत सेकंदाला १४ लाखांवर बिट मागतं. आवाजाच्या साध्या टेपला ते पेलवणारं नव्हतं आणि त्या काळच्या संगणकांनाही परवडणारं नव्हतं. एवढा ऐवज गिळू शकणारं यंत्र एकाच ठिकाणी तयार होतं: टीव्ही केंद्रात. व्हिडिओ रेकॉर्डर!

मग संगीतवाल्यांनी तोच उचलला. ‘डेनॉन’ या नावानं ओळखल्या जाणाऱ्या निप्पॉन कोलंबियानं १९७२मध्ये व्हिडिओ रेकॉर्डरवर चालणारी डिजिटल ध्वनिमुद्रणाची यंत्रणा वापरात आणली. नाकाजिमा तोवर सोनीत गेले होते. सोनीनं १९७७मध्ये बीटामॅक्स या घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरला जोडायचं ‘पीसीएम-१’ आणलं, आणि पुढच्याच वर्षी स्टुडिओंसाठी ‘पीसीएम-१६००’. या दुसऱ्याची जोडी यू-मॅटिकशी होती. टीव्हीच्या बातमीदारांच्या हातात असायची ती जाडजूड कॅसेट.

रेकॉर्डरला कळायचं फक्त चित्र. म्हणून आवाजाचं चित्र करून त्याला फसवावं लागे. शून्य म्हणजे काळा ठिपका, एक म्हणजे पांढरा. ही कॅसेट साध्या टीव्हीला जोडून लावली, की ना गायक दिसे ना वाद्यवृंद. पडदाभर काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची थरथरती रांगोळी तेवढी दिसे. त्या ठिपक्यांतच सगळी सिंफनी भरलेली असायची.

आता प्रश्न आला, सेकंदाला नोंदी नेमक्या किती घ्यायच्या? इथे निर्णय कानांनी दिला नाही, टीव्हीच्या रेषांनी दिला. अमेरिका-जपानच्या पद्धतीत पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जाई आणि दर खेपेला २४५ रेषा वापरता येत. प्रत्येक रेषेत एकेका चॅनेलच्या तीन नोंदी बसवल्या, की गुणाकार येतो ४४,१००. युरोपच्या पद्धतीत खेपा ५०, रेषा २९४, नोंदी तीनच. उत्तर पुन्हा ४४,१००. दोन पद्धतींचे दोन वेगळे टीव्ही एकाच आकड्यावर येऊन मिळाले. २ ऑक्टोबर १९७२ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेही ५० खेपांच्याच पद्धतीचं, त्यामुळे वरळीच्या मनोऱ्यावरून येणारं चित्रही या हिशेबात चपखल बसलं असतं. सोनी आणि फिलिप्स यांनी १९८०मध्ये सीडीचं प्रमाण ठरवलं तेव्हा हाच आकडा कायम केला. १ ऑक्टोबर १९८२ला सोनीचा ‘सीडीपी-१०१’ हा प्लेअर जपानच्या दुकानांत आला. पुढेही कितीतरी वर्षं सीडीच्या कारखान्यांना मूळ मुद्रण यू-मॅटिक कॅसेटवरच पाठवलं जाई.

इतका घरोबा असलेल्या टीव्हीनं मग संगीताशी फारकत का घेतली? चित्रपट आणि प्रसारणवाल्यांना हा आकडा गैरसोयीचा होता म्हणून. सेकंदाला २४, २५ किंवा ३० चौकटी दाखवायच्या, तर आवाजाच्या नोंदींना या सगळ्यांनी नीट भाग जायला हवा. ४८,०००ला तो जातो: २०००, १९२० आणि १६००. ४४,१००ला २४नं भागायला गेलं, की अर्धुक उरतं. व्यावसायिक ध्वनीसाठी ४८ किलोहर्ट्झ रूढ झालं, डीव्हीडीनं ते घरात आणलं आणि टीव्हीची तीच सवय झाली. एकाच घरात दोन मापं नांदू लागली. त्यांचं परस्परांशी प्रमाण १४७ला १६०. इतकं अवघड, की रूपांतर करायला नवे आकडे मोजून काढावेच लागतात.

दरम्यान तारांचीही पिढी बदलली. सीडी प्लेअर ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी तोशिबानं १९८३मध्ये प्रकाशावर चालणारी केबल काढली. तिचं चिमुकलं टोपण काढून टोकाकडे पाहिलं, तर लाल उजेड दिसतो. तो उजेड म्हणजेच गाणं. सीडीसाठी आलेलं हे तिचं तोंड पुढे टीव्हीच्या पाठीवर कायमचं जाऊन बसलं.

टीव्हीची पाठ तोवर सपाट होत चालली होती. जुन्या काचेच्या डब्यात स्पीकरला ऐसपैस जागा असे. पातळ पडद्यात ती उरली नाही आणि आवाज पत्र्यासारखा येऊ लागला. साउंडबारचं पीक आलं ते या गरजेतून. यामाहाच्या ‘वायएसपी-१’नं एकाच पट्टीत चाळीस छोटे स्पीकर बसवून भिंतींवरून आवाज परतवण्याची करामत केली. एचडीएमआयची तार आधी चित्र आणि आवाज टीव्हीकडे फक्त नेत असे. २००९मध्ये तिच्यातूनच टीव्हीचा आवाज उलट साउंडबारकडे धाडण्याची सोय झाली. तिचं नाव ‘आर्क’. २०१७च्या ‘ई-आर्क’नं तर २४ बिट, १९२ किलोहर्ट्झचा रस्ता मोकळा केला.

पाइप रुंद झाला तरी टाकीची तोटी जुनीच राहिली. बऱ्याचशा स्मार्ट टीव्हींमधलं सॉफ्टवेअर सगळ्या ॲपांचे आवाज एकत्र करून ४८ किलोहर्ट्झवरच बाहेर सोडतं. वर ९६ किंवा १९२चं गाणं ओता, खाली ४८चंच येतं. आणि सीडीच्या मापाचं गाणं असेल तर त्यालाही तेच कपडे चढवले जातात. रूपांतर नीट झालं असेल तर बहुतेक कानांना फरक कळणार नाही. आवाज खरा मार खातो तो साउंडबारच्या बोटभर स्पीकरांत. मोठमोठ्या आकड्यांचे शिक्के पाहून वर्गणी भरणाऱ्यांना हे रुचत नाही, एवढंच.

यावर उपाय झाले नाहीत असं नाही. गूगलनं २०१५मध्ये ‘क्रोमकास्ट ऑडिओ’ नावाची चकती आणली. टीव्हीला पूर्ण वगळून ती थेट ॲम्प्लिफायरला जोडायची, आणि ती २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत जाई. जाणकारांत ती लोकप्रिय होती, तरी २०१९च्या सुरुवातीला तिचं उत्पादन थांबल्याचं जाहीर झालं. २०२१च्या जूनमध्ये ॲपल म्युझिकनं जादा पैसे न घेता १९२ किलोहर्ट्झपर्यंतचं संगीत खुलं केलं. त्यातही मेख होतीच. कंपनीच्याच ‘ॲपल टीव्ही फोरके’ या डब्याला ४८ किलोहर्ट्झची मर्यादा होती, आणि त्यापुढचं ऐकायचं तर गिऱ्हाइकानं फोनला किंवा संगणकाला बाहेरून वेगळा डीएसी, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणारं यंत्र, जोडावा, असं कंपनीच सांगत होती.