कबिनीच्या पाण्याखाली

बोटीतून हत्ती पाहायला लोक आफ्रिकेत चोबे नदीवर जातात. कुवेंपुनगरातल्या आमच्या घरापासून कबिनीचा जलाशय मोटारीने साधारण दोन तासांवर आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरते, उघड्या पडलेल्या काठावर कोवळे गवत उगवते आणि नागरहोळे-बंडीपूरचे कळप तिथे उतरतात. करापूरहून निघालेली बोट कळपाजवळ थांबते; सगळे गप्प होतात.

जिथे आपण तरंगत असतो तिथे १९७४ पर्यंत धरण नव्हते. नदीकाठी काकनकोटेचे जंगल होते. म्हैसूर संस्थानात १८७३ मध्ये सुरू झालेला खेदा, म्हणजे रानहत्तींचे कळप हाकून लाकडी कोटात कोंडणे, याच जंगलामुळे नावाजला. हाकारे कळपाला नदीत लोटत आणि व्हाइसरॉयपासूनचे पाहुणे ते सुरक्षित जागेवरून पाहत. शेवटचा खेदा १९७१ चा. करापूरच्याच एका माहुताचा मुलगा साबू १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’ चित्रपटामुळे जगाला ठाऊक झाला.

पण हत्तीचा माग काढणारे आणि त्याला माणसाळवणारे जेनुकुरुब मात्र पडद्यामागेच राहिले. पुढे धरणाने आणि राष्ट्रीय उद्यानाने त्यांच्यातल्या अनेकांना जंगलाबाहेर काढले. हत्ती पाहणाऱ्यांची जागा तेव्हाही राखीव होती, आजही आहे. हत्तींच्या शेजारी राहणाऱ्यांची तेवढी उरली नाही.

कन्नडमधून भाषांतर करताना ‘खेडा’ हा शब्द आला की मी मराठीत ‘खेदा’ लिहिते. त्यातला ‘खेद’ वेगळा लिहावा लागत नाही.